जुनी गोटी कशी पारखावी?



मनोरीत जुनं घर पाडायला घेतलं, की माळ्यावरून डबे निघतात. डब्यात किल्ल्या असतात, बटणं असतात, काचेच्या गोट्याही असतात. मग एखादा खरेदीदार फेरीबोटीने येतो. म्हणतो, "मावशी, ह्या पोराटोरांच्या गोट्या. अख्ख्या डब्याचे वीस रुपये घ्या." मावशी डबा देऊन टाकते. दुसरा येतो तो उलट सांगतो, "हा नागमणी आहे, पाच हजार द्या." भोळा माणूस पैसे मोजतो. दोन्ही वेळा नुकसान आपलंच. म्हणून गोटी पारखायला शिकू या.

आधी पक्कं ध्यानात ठेवा. गोटी ही काच आहे. नागमणी नव्हे, रत्न नव्हे. पण काही जुन्या गोट्या जमवणारे शौकीन लोक असतात. ते चांगले पैसे देतात.

हातची गोटी. १८४० नंतर जर्मनीत काचेच्या गोट्या पुष्कळ होऊ लागल्या. कारागीर रंगीत रेघांची काचेची कांडी तापवून मऊ करी. मग खास कात्रीने तिचा तुकडा कापून गोल करी. कापलं तिथे खरखरीत ठिपका राही. गोटी बोटांत फिरवून पाहा. असा ठिपका एका किंवा दोन्ही टोकांना लागला, आणि आत रंगाच्या रेघा पिळासारख्या वळलेल्या दिसल्या, तर ती हातची असण्याचा संभव आहे.

यंत्राची गोटी. अमेरिकेत मार्टिन ख्रिस्तेन्सेन यांना गोटीच्या यंत्राचं पेटंट १९०५ साली मिळालं. पुढे यंत्राच्या गोट्या स्वस्त झाल्या. त्या बहुधा गुळगुळीत असतात, खरखरीत ठिपका नसतो. आत पाकळीसारखा रंग असलेली, मांजराच्या डोळ्यासारखी गोटी तर १९५० च्या सुमारास जपानातून पसरली. ती ढिगाने मिळते, तिला मोल थोडं. आत बुडबुडा दिसला म्हणून गोटी जुनी ठरत नाही, बरं का. नव्या काचेतही बुडबुडे असतात.

सोड्याची गोटी. हिरवट, बिनरेघांची गोटी बहुधा सोड्याच्या बाटलीतली. हायरम कॉड या इंग्रज गृहस्थांनी अशी बाटली १८७२ साली आणली. बाटलीच्या गळ्यात रबराची चकती असते. आतल्या वायूच्या दाबाने गोटी वर चढते आणि चकतीला घट्ट बसते. गोटी आत ढकलली की सोडा उघडतो. पोरं गोटीसाठी बाटली फोडतात. तसं करू नका! सुट्या गोटीला मोल थोडं. गोटीसकट धड बाटलीला तिच्यापेक्षा पुष्कळ जास्त मोल. बाटलीवर उठावाची अक्षरं असतील, तर आता तुम्हाला वाचता येतंय, ती स्वतः वाचा. इंग्रजी असली तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या. जुनी काच म्हणजे विलायतीच असंही नाही. आपल्या तळेगावला १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता.

मोल कशावर? काम हातचं की यंत्राचं, आकार केवढा, नमुना दुर्मीळ आहे का, आणि गोटी धड आहे का, या चार गोष्टींवर. टवका उडाला, तडा गेला की भाव घसरतो. म्हणून गोटी वाळूने घासू नका, उकळू नका, गुळगुळीत करून घेऊ नका. कोमट पाणी, साबण आणि मऊ फडकं पुरे.

विकायची झाली तर घाई नको. आधी भिंगाने पाहा. दोघा-तिघांना भाव विचारा. कुणी काय सांगितलं ते तारीख घालून वहीत लिहून ठेवा. "आत्ताच द्या, नाहीतर बोट सुटेल," असं जो म्हणेल, त्याला सांगा, "बोट उद्याही येईल."

प्रश्न
१. हातच्या गोटीची खूण कोणती?
२. सोड्याची बाटली का फोडू नये?
३. घरात जुनी गोटी असेल तर ती पाहा व तिच्याबद्दल वहीत चार ओळी लिहा.