टाकीतलं पाणी आणि पंपावरचं पेट्रोल

प्रश्न : मुलगा रोटॅक्स ९१२ इंजिनाचं हलकं विमान चालवायला शिकतोय. आपल्या दमट हवेत टाकीत पाणी साचतं का? पंपावरचं पेट्रोल चालेल का? – एक वाचक, वास्को

उत्तर : साचतं. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली, की आतल्या हवेतली वाफ पाणी होऊन तळाशी बसते. म्हणून उड्डाणानंतर टाकी भरून ठेवावी. सकाळी विमान हलवण्याआधी टाकी आणि गॅस्कोलेटर (इंधनाच्या वाटेवरची गाळणी), दोन्हींच्या ड्रेनमधून थोडं इंधन पारदर्शक भांड्यात काढावं. भांड्यात नुसतंच पाणी आलं तरी ते स्वच्छ, एकसारखं दिसतं. म्हणून वास जरूर घ्यावा.

मला खरी काळजी इथेनॉलची वाटते. या इंजिनाला १० टक्क्यांपर्यंत चालतं. आपल्या पंपांवर २० टक्क्यांचं मिश्रण मिळतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं, त्यामुळे पाणी ड्रेनमध्ये दिसतही नाही. वर थंड हवेत मात्र ते इथेनॉलसकट वेगळं होतं आणि इंजिन बंद पडू शकतं. हे पेट्रोल वापरू देऊ नका. एव्हगॅस (विमानांसाठीचं पेट्रोल) चालेल, त्यात शिसं असल्याने ऑइल लवकर बदलावं.

इंधनाच्या रबरी नळ्याही, चांगल्या दिसत असल्या तरी, ५ वर्षांनी बदलायलाच हव्यात.