दारूबंदीचा कायदा आणि चवदार तळ्याची वाट

समाजाची नीती कायद्याने सुधारते, की माणसाच्या स्वाभिमानातून? विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हा प्रश्न दोन ठिकाणी कसाला लागला : एकीकडे अमेरिकेत, तर दुसरीकडे आपल्या मुंबई इलाख्यात. दोहोंकडची उत्तरे भिन्न निघाली. वसतिगृहात वाढलेल्या व वाढणाऱ्या पिढीने ही दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवून अभ्यासावीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

१. अमेरिकेचा प्रयोग

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्या काळी अमेरिका वेगाने बदलत होती. शहरे फुगत होती, युरोपातून लक्षावधी गरीब स्थलांतरित येत होते आणि दक्षिणेतील जाचाला कंटाळलेले कृष्णवर्णीय उत्तरेकडील शहरांची वाट धरत होते. विद्यापीठाला लागून असलेल्या हार्लेम भागात त्यांची वस्ती वाढत होती.

याच समाजात दारूविरोधी चळवळ अनेक दशके चालू होती. तिच्यात स्त्रियांचा वाटा मोठा होता. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जात होती आणि मार मात्र घरी पडत होता. त्यांचे दुःख खरे होते. अखेर राज्यघटनेत अठरावी दुरुस्ती झाली आणि जानेवारी १९२० पासून मद्याचे उत्पादन, विक्री व वाहतूक यांवर देशभर बंदी आली. पुढे काय घडले? चोरटे गुत्ते निघाले, विषारी दारूने माणसे मेली, शिकागोत अल कपोनसारखे टोळीप्रमुख गब्बर झाले. डिसेंबर १९३३ मध्ये एकविसाव्या दुरुस्तीने ही बंदी उठली. अमेरिकेच्या राज्यघटनेतील एखादी दुरुस्ती रद्द होण्याचा हा एकमेव प्रसंग होय.

२. नीतीचा मुखवटा

या अपयशाची एक बाजू आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. १९१५ साली पुन्हा उभी राहिलेली कू क्लक्स क्लान ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची संघटना दारूबंदीची कट्टर समर्थक होती. कृष्णवर्णीयांवर दहशत बसविणारे आणि कॅथलिक, ज्यू व परदेशी माणसांचा द्वेष करणारे हे लोक स्वतःस नीतीचे रखवालदार म्हणवीत. ऑगस्ट १९२५ मध्ये त्यांनी राजधानी वॉशिंग्टनमध्ये हजारोंचा मोर्चा काढला. माणसाला माणूस न मानणारा मनुष्यही निर्व्यसनीपणाचा उपदेश करू शकतो, हे यावरून ध्यानात येईल. ज्या नीतीत समता नाही, ती दुबळ्यांवर पाळत ठेवण्याचे साधन बनते.

३. महाडची वाट

आता आपल्या इतिहासाकडे वळू. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. बाबासाहेबांनी आपल्या बांधवांना मृतमांस सोडण्यास आणि हीन मानली जाणारी वंशपरंपरागत कामे टाकण्यास सांगितले. त्याच परिषदेतील लोक शिस्तीने चवदार तळ्यावर गेले व पाणी प्याले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच त्यांनी स्त्रियांशी संवाद साधला. स्वच्छ राहा, हीनपणाची खूण ठरलेली पेहरावाची पद्धत सोडा, मुलींना शिकवा, घरात दारू चालू देऊ नका, असा त्या उपदेशाचा आशय होता.

काही वाचक विचारतील, हे उच्चवर्णीयांच्या सोवळ्याचे अनुकरण नव्हे काय? आमचे उत्तर असे, की सोवळे पाळणारा दुसऱ्याला दूर लोटून स्वतःस शुद्ध मानतो. महाडच्या सुधारणेत कोणालाही दूर लोटलेले नव्हते. तिथे वाईट सवय सोडणे आणि हक्क मिळविणे या दोन गोष्टी एकाच परिषदेत घडल्या. ‘आधी सुधारा, मग हक्क देऊ’ असे सांगणाऱ्यांना ते कृतीने दिलेले उत्तर होते.

१९३७ नंतर काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई प्रांतात दारूबंदीचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा बाबासाहेबांनी विधिमंडळात त्यावर टीका केली आणि शिक्षणाची निकड अधिक असल्याचे मांडले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये मात्र मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. यात विसंगती नाही. सरकारने गरिबांचा पैसा आधी शाळेवर खर्च करावा, आणि माणसाने आपला संयम स्वतःच्या निश्चयाने पाळावा, हा त्यामागील विचार आम्हांस दिसतो.

४. सोलापूरचा धडा

या विचाराला आकार देणारी एक वास्तू आपल्याच जिल्ह्यात उभी राहिली होती. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना जुलै १९२४ मध्ये झाली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह उघडले. जेवण, कपडे व लेखनसाहित्य यांचा भार सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने ४० रुपयांचे अनुदान मंजूर केले. तेथील विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ हे मासिक चालविले व मोफत वाचनालयही उघडले. अमेरिकेत पोलीस गुत्त्यांवर धाडी घालीत होते, त्याच काळात सोलापुरात गिरणगावाच्या धुरात मुले मासिक काढीत होती. रिकाम्या हाताला पुस्तक देणे हीदेखील नीतीची चळवळच होय.

५. आजचा प्रश्न

अक्कलकोटसारख्या सीमाभागातील तालुक्यात वसतिगृह चालविताना आम्हांस हा इतिहास रोज उपयोगी पडतो. जयंतीची वर्गणी कर्णकर्कश डीजेवर उडते, मिरवणुकीत काही तरुण झिंगलेले दिसतात, आणि त्याच वस्तीतील मुलगी दहावीनंतर शाळा सोडते. केवळ दरडावून हे थांबणार नाही. तसेच बाहेरच्यांनी याचे निमित्त करून आपल्या वस्तीला नावे ठेवावीत, हेही आम्हांस मान्य नाही. वर्गणीचा हिशेब वस्तीसमोर वाचला जावा, त्यातील ठरावीक भाग अभ्यासिकेसाठी राखून ठेवावा आणि तो निर्णय तरुणांनीच घ्यावा. स्वतः घेतलेला निर्णय माणूस सहसा मोडत नाही.

चिंतनासाठी प्रश्न

१) अमेरिकेतील दारूबंदी का फसली? स्त्रियांची मागणी न्याय्य असूनही कायदा का टिकला नाही?
२) महाडला आचरणातील सुधारणा व हक्क यांची सांगड कशी घातली गेली?
३) आपल्या वस्तीतील गेल्या जयंतीचा किती खर्च मुलांच्या शिक्षणावर झाला? घरी बसून हिशेब मांडावा.