अंश सगळेच मोजतात, छेद कोण मोजणार?

मित्रहो, ‘साथरोगशास्त्र’ हा शब्द वाचून लगेच पान उलटू नका. थर्ड इयरला सार्वजनिक आरोग्याचा इलेक्टिव्ह मी घेतला, तो केवळ ‘यात केटी लागत नाही’ असं सिनियर्सनी सांगितलं म्हणून. पण त्याच सेममध्ये आमच्या हॉस्टेलने या विषयाचं प्रॅक्टिकलच घेतलं.

झालं असं, की एका सोमवारी सकाळी संडासासमोर ही रांग! दुपारपर्यंत चाळीस जणांना जुलाब आणि उलट्या. रविवारी मेसला फीस्ट होती, पनीरची भाजी. मग काय, आरोपी सापडला! चाळीस आजाऱ्यांपैकी ३२ जणांनी पनीर खाल्लं होतं. म्हणजे ८० टक्के! मेसच्या मामांना काढून टाका असा अर्ज तयार झाला, सह्या सुरू झाल्या. मीही ठोकली. मामा बिचारे सांगत होते, “अरे पोरांनो, मी पण तेच जेवलोय.” पण ऐकतो कोण!

दुसऱ्या दिवशी हा हिशेब मी सरांना ऐटीत सांगितला. सरांनी एकच विचारलं, “जे आजारी पडले नाहीत, त्यांनी काय खाल्लं?”

ते कोणीच विचारलं नव्हतं. मग मी आणि माझा रूम पार्टनर वही घेऊन खोलीखोलीत फिरलो. पनीर खाल्लं का? पाणी कुठल्या कूलरचं प्यायलं? त्रास कधी सुरू झाला? आजारी असो वा ठणठणीत, प्रत्येकाला हेच प्रश्न. (गणित सोपं जावं म्हणून आकडे थोडे गोल केलेत.)

एकूण मुलं २००. पनीर खाणारे १६०, त्यात आजारी ३२, म्हणजे २० टक्के. न खाणारे ४०, त्यात आजारी ८. तेही २० टक्केच! पनीर खा किंवा नका खाऊ, फरक शून्य. आजाऱ्यांत पनीरवाले जास्त दिसले, कारण हॉस्टेलमध्येच पनीरवाले जास्त होते.

आता पाणी बघा. डाव्या विंगच्या कूलरचं पाणी पिणारे ७०, आजारी ३५, म्हणजे ५० टक्के. बाकीचे १३०, आजारी ५, म्हणजे जेमतेम ४ टक्के. या टक्केवारीला अटॅक रेट म्हणतात. दोन्हींचा भागाकार केला की रिलेटिव्ह रिस्क मिळते. इथे ती १३ आली.

वर जाऊन पाहिलं, तर त्या कूलरच्या टाकीचं झाकण फुटलेलं आणि आत कबुतराची पिसं! आता हा भागाकार म्हणजे काही शेवटचा पुरावा नव्हे, तो फक्त बोट दाखवतो. म्हणून पाण्याचा नमुना तपासायला पाठवला. पण रिपोर्टची वाट न पाहता रेक्टर सरांनी कूलर त्याच दिवशी बंद केला. पुढे पाणी दूषित असल्याचा रिपोर्टही आला.

मग सरांनी जॉन स्नो शिकवला. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ होती. दक्षिण भागात एकाच रस्त्यावरच्या घरांना दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं पाणी येई. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्येच आपला उपसा थेम्स नदीच्या वरच्या अंगाला नेला होता. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल मात्र शहराचं सांडपाणी मिसळलेलंच पाणी उचलत होती. स्नोने नुसते मृत्यू मोजले नाहीत, घरंही मोजली. साउथवर्कची घरं ४०,०४६, मृत्यू १,२६३. लॅम्बेथची घरं २६,१०७, मृत्यू ९८. म्हणजे दर दहा हजार घरांमागे एकीकडे ३१५, तर दुसरीकडे ३७! रॉबर्ट कॉखने कॉलऱ्याचा जंतू जगापुढे मांडला तो पुढे १८८४ च्या सुमारास. जंतू माहीत नसतानाही स्नोला वाट सापडली, ती छेदामुळे.

आणि इंजिनिअर मंडळी, एक गोष्ट लक्षात घ्या. लॅम्बेथच्या ग्राहकांना वाचवलं ते औषधाने नाही, पाणी उचलायची जागा बदलल्याने. हे आपलंच काम आहे की!

त्या रात्री आम्ही अर्ज फाडला आणि मामांची माफी मागायला गेलो. ते काही बोलले नाहीत, फक्त ताटात एक पोळी जास्त वाढली. ती गिळताना जड गेली.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी कोणी “इतके जण आजारी!” असं ओरडत आलं, तर सही करण्याआधी एवढंच विचारा, “कितीपैकी?”