बाटली उघडण्याआधी

एडिसन, न्यू जर्सी
18 जानेवारी

चि. ओंकार,

तुझं सविस्तर पत्र, प्रवाळांच्या टँकचे फोटो आणि पाण्याच्या चाचण्यांचे आकडे मिळाले. आठ महिने झाले तरी अ‍ॅक्रोपोरा प्रवाळ पेरभरसुद्धा वाढला नाही, म्हणून तू तीन बाटल्या मागवल्यास: एक कॅल्शियमची, एक अमिनो आम्लांची आणि एक नुसतीच ‘वाढीसाठी’. तिन्ही बंदच राहू देत. तू पाठवलेले आकडे मी शांतपणे बसून पाहिले. दुखणं त्यांत स्पष्ट दिसतंय आणि त्याचा इलाज त्या बाटल्यांत नाही.

पहिली गोष्ट खारटपणा. तुझ्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व 1.023 आहे. समुद्राचं 1.026 च्या थोडं वर असतं, म्हणजे हजार भागांत 35 भाग क्षार. तुझ्याकडे ते जेमतेम साडेतीस आहेत, साधारण एक अष्टमांश कमी. आता हिशेब कर. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम लिटरमागे सुमारे 412 मिलिग्रॅम असतं. त्यातला अष्टमांश काढला की 360 उरतं. तू मोजलंस 365. मॅग्नेशियम 1290 च्या आसपास असतं. त्यातला अष्टमांश काढला की 1130. तू मोजलंस 1140. म्हणजे कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम कमी अशी दोन वेगळी दुखणी तुझ्याकडे नाहीतच. पाणी अळणी आहे, एवढंच. त्यात कॅल्शियम ओतून तू आकडा 420 वर नेशील, आणि पुढे खारटपणा सुधारला की तोच आकडा 480 च्या घरात जाईल.

आधी खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर तपासून घे. तो साध्या पाण्यावर शून्याला लावू नकोस. 35 चं प्रमाणित द्रावण मिळतं, त्यावर लाव. खारटपणा खरोखरच कमी निघाला तर बाष्पीभवनाने घटणाऱ्या पाण्याच्या जागी काही दिवस गोड्या पाण्याऐवजी खारं पाणी घालत जा. दोन आठवड्यांत 1.026 ला पोचलास तरी पुष्कळ झालं.

आता अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला कार्बोनेटांचा साठा. या पत्रातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेव. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो बांधताना कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ठरलेल्या प्रमाणातच खर्ची पडतात: अल्कलिनिटी 2.8 डीकेएच (हे तिचं एकक) उतरली की कॅल्शियम लिटरमागे 20 मिलिग्रॅम उतरतं. समज, तुझ्या टँकमध्ये दिवसाला अर्धा डीकेएच खर्च होतोय. त्याच दिवशी कॅल्शियम चारशेतून साडेतीन-चारने कमी होईल. आपल्या घरगुती टेस्ट किटला एवढा फरक दिसतच नाही. कणगीतून ओंजळभर धान्य काढलं तर कळत नाही, डब्यातून काढलं तर लगेच कळतं. तुझा डबा म्हणजे अल्कलिनिटी. म्हणून वाढीचा अंदाज घ्यायला कॅल्शियम मोजत बसू नकोस. रोज ठरावीक वेळी, दिवे लागण्याआधी, अल्कलिनिटी मोज आणि वहीत लिही. त्या दिवसांत अल्कलिनिटीसाठी काहीही ओतू नकोस. फक्त तू घालतोस त्या खाऱ्या पाण्याची अल्कलिनिटी एकदा मोजून ठेव, म्हणजे तिचा वाटा हिशेबात धरता येईल.

चार-पाच दिवसांत आकडा जवळजवळ हलला नाही, तर प्रवाळ सांगाडा बांधतच नाही. मग माल कितीही पुरवलास तरी तो नुसता पडून राहणार. अडचण माल वापरणाऱ्याची आहे. उलट आकडा भराभर उतरतोय आणि फांद्या मात्र तेवढ्याच दिसतायत, असं झालं तर हीटर आणि पंप काढून बघ. त्यांच्यावर पांढरी पुटं चढली असतील तर खर्च तिकडे होतोय. दगडांवर जांभळं कोरलाइन शेवाळ पसरत असेल तर तेही मोठं खादाड आहे. आणि प्रत्येक फ्रॅगचं, म्हणजे लावलेल्या तुकड्याचं, बूड भिंगातून पाहा. नव्या जागी लावलेला अ‍ॅक्रोपोरा आधी बुडाशी पसरतो, दगडाला घट्ट धरतो आणि मगच वर सरकतो. तुझ्या तिसऱ्या फोटोतल्या हिरव्या तुकड्याभोवती मला तशी फिकट कड दिसली. तो वाढतोय, ओंकार. तू उंची मोजत होतास.

तू अल्कलिनिटी कधी 7.2, कधी 10.6 लिहिलीस, त्याचं कारण तू आठवड्यातून एकदा भरपूर ओततोस. समुद्रात ती 7 च्या आसपास असते आणि सहसा हलत नाही. ग्रेट बॅरिअर रीफवरच्या वन ट्री बेटाजवळ शास्त्रज्ञांनी वाहत्या पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड सोडून पाण्याचं रसायन औद्योगिक क्रांतीच्या आधी होतं तसं करून पाहिलं. 2016 साली ‘नेचर’मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रवाळांचं चुना बांधण्याचं काम त्याने वाढलं, पण सुमारे 7 टक्क्यांनी. समुद्रासाठी ही फार मोलाची माहिती आहे. तुझ्यासाठी तिचा अर्थ असा, की आकडा चढवून चमत्कार घडत नाही. 8 वर स्थिर ठेव. तुझ्यासारख्या पोषणशून्य पाण्यात अल्कलिनिटी 10-11 ला गेली की अ‍ॅक्रोपोराची टोकं करपतात, हे मी अनेकांच्या टँकमध्ये पाहिलंय.

आणि हे पोषणशून्य पाणीच मला सर्वात जास्त खटकलं. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, हे तू अभिमानाने लिहिलंस. अरे, प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं त्याला बहुतेक सगळी ऊर्जा पुरवतात. त्यांनाही नत्र लागतं, स्फुरद लागतं. फार स्फुरद झालं तर सांगाडा बांधण्यात अडथळा येतो हे खरं, पण म्हणून ते शून्यावर आणायचं नसतं. तुझ्या आजोळी, मालवणच्या गढूळ पाण्यातही पोराइट्स, फेव्हाइट्स, टर्बिनेरिया जगतात. ती चिवट मंडळी आहेत, अ‍ॅक्रोपोराइतकी नाजूक नाहीत. तरी प्रवाळ म्हणजे फक्त काचेसारख्या पाण्याचा जीव, ही समजूत मनातून काढ. फॉस्फेट शोषणारी ती गाळणी आजच बंद कर. एवढ्या टँकमध्ये तीनच मासे आहेत, त्यांना दिवसातून दोनदा पोटभर खायला घाल. नायट्रेट लिटरमागे 5 आणि फॉस्फेट 0.05 मिलिग्रॅमच्या जवळपास येईपर्यंत धीर धर. रंग थोडे गडद होतील, घाबरू नकोस.

दिवे शंभर टक्क्यांवर नेलेस, ते मात्र खाली आण. एका मर्यादेपुढे प्रकाश वाढवून वाढ होत नाही, उलट इजा होते. दुकानातून प्रकाश मोजणारा पार मीटर भाड्याने आण. अ‍ॅक्रोपोराजवळ 250 ते 350 पुरे. रात्री टॉर्च घेऊन फांद्यांवर चपटे किडे, लाल ठिपके दिसतात का तेही एकदा बघ.

पीएच पहाटे 7.7 होतो म्हणालास. टोरांटोचा जानेवारी, खिडक्या बंद, घरात चार माणसं आणि गॅसची शेगडी. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात 420-430 भाग असतो, बंद घरात तो सहज हजारावर जातो आणि पाण्यात उतरतो. खात्री करायला टँकच्या पेलाभर पाण्यात बाहेरच्या हवेचे बुडबुडे तासभर सोड. पीएच वर गेला तर दोष बहुधा घरातल्या हवेचा. मग फेस काढून पाणी साफ करणाऱ्या स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढ, किंवा तिच्या तोंडाशी कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमचा डबा बसव.

मेमध्ये आजीकडे जाणार आहेस, म्हणून आत्ताच सांगतो. किनाऱ्यावर मेलेला तुकडा सापडला तरी उचलायचा नाही, कुणी प्रेमाने दिला तरी घ्यायचा नाही. आपल्याकडे, भारतात, सगळे दगडी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पाण्याखाली जाऊन डोळे भरून बघ. तिथे वाढायला त्यांना किती वर्षं लागली असतील ते तुला आता कळेल. पोराइट्सचा गोटा वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतो.

खारटपणा जागेवर आला आणि अल्कलिनिटी रोज उतरताना दिसू लागली, की आपण चुन्याची निवळी सुरू करू. तिच्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी नेमक्या लागणाऱ्या प्रमाणात मिळतात आणि पीएचही सावरतो. पानाचा किंवा भिंतीचा चुना चालणार नाही. खाद्य दर्जाचं शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आण. लिटरला दीड ग्रॅम, झाकण लावून गाळ खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी रात्री थेंबथेंब सोडायचं. या निवळीचा पीएच बारावर असतो, तेव्हा डोळ्यांना चष्मा लाव आणि छोटीला जवळ येऊ देऊ नकोस. दिवसाला किती सोडायची ते तुझ्या वहीतल्या आकड्यांवरून काढता येईल, म्हणून पंधरा दिवसांची नोंद झाली की मला पाठव.

सायलीला आणि छोटीला आशीर्वाद.

तुझा,
माधवमामा