गजकेच्या डब्यातल्या गोळ्या

जून महिना, रात्रीचे अडीच वाजले असतील. ग्वाल्हेरला त्या दिवसांत रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. न्हाणीघराकडून काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि मी धावत गेले. आई जमिनीवर बसली होती, डावा हात मांडीवर धरून. रडत नव्हती, कण्हत नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाली, "माई, दिवा का गं मालवलास?"

माई म्हणजे माझी आत्या. तिला जाऊन बावीस वर्षं झाली.

मनगट मोडलं होतं, ते प्लास्टरमध्ये गेलं आणि यथावकाश जुळलंही. मला सांगायचं आहे ते मनगटाबद्दल नाही. आईच्या रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा सोडियम 116 निघालं. ते 135 ते 145 असायला हवं. रात्रपाळीची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. रिपोर्ट हातात धरून तिने एकच गोष्ट सांगितली: "घर में जितनी गोलियाँ हैं, सब ले आइए। डिब्बा ही उठा लाइए।"

आमच्याकडे औषधं मुरैनाच्या गजकेच्या, म्हणजे तीळ-गुळाच्या मिठाईच्या, रिकाम्या पत्र्याच्या डब्यात असतात. तो डबा मी नेला. तिने तो आईच्या पायथ्याशी चादरीवर उपडा केला आणि पत्ते लावावेत तशा स्ट्रिपा लावायला लागली. अकरा प्रकारच्या गोळ्या निघाल्या. मी रोज सकाळ-संध्याकाळ त्या आईच्या तळहातावर ठेवत होते, पण अकरा आहेत हे मला माहीत नव्हतं. मी शाळेत तीस वर्षं शिकवलं, हजेरीपट सांभाळले. आईच्या गोळ्यांची हजेरी मी एकदाही घेतली नव्हती.

आता मागचं सांगते, कारण हे एका रात्रीत झालेलं नाही.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांची आता एक रीतच झाली आहे. म्हातारी माणसं इथे लष्कर भागातल्या जुन्या घरात, मुलं पुण्याला किंवा इंदूरला. इथली थंडी सोसत नाही म्हणून आईवडील दिवाळीला तिकडे जातात आणि संक्रांत करून परततात. माणसाबरोबर डॉक्टरही बदलतो. आई तेव्हा 79 वर्षांची. दादाकडे पुण्याला असताना तिचं ब्लडप्रेशर वाढलेलं दिसलं, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. आधी ती अॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम घ्यायची. नवी गोळी जोडगोळी होती, टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपिन एकत्र. कंपनीचं नाव वेगळं, रंग वेगळा, आकार वेगळा. आई जानेवारीत परत आली तेव्हा तिच्या पिशवीत नवी गोळी होती आणि गजकेच्या डब्यात जुनी. मी दोन्ही द्यायला लागले. पुण्याच्या कागदावर जुनी बंद करा असं लिहिलेलं होतं. तो कागद दादाकडच्या फाइलमध्ये राहिला होता, आणि मी तो मागितला नव्हता.

अॅम्लोडिपिनने काही जणांच्या पायांवर सूज येते. डोस जितका जास्त, तितकी सूज येण्याची शक्यता जास्त. आईच्या पोटात आता दुप्पट जात होतं. फेब्रुवारीत तिचे घोटे असे सुजले की संध्याकाळी चपलेच्या पट्ट्याचा वळ पायावर उमटायचा आणि बोट दाबलं तर खळगा पडायचा. मी तिला जवळच्या एका दवाखान्यात नेलं. पायांना सूज आहे एवढंच सांगितलं. गोळ्या कोणत्या चालू आहेत हे विचारल्यावर म्हटलं, "बीपी की एक गोली।" तेव्हा त्यांनी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी दिली. त्यांना मी जे सांगितलं त्यावर त्यांनी औषध दिलं.

त्या गोळीने आई रात्री तीन-चारदा उठायला लागली. झोप मोडायची, मग दिवसभर चिडचिड. एप्रिलमध्ये मला आठवलं की बाबा गेले तेव्हा तिला पंधरा दिवस अल्प्राझोलाम दिली होती आणि ती छान झोपायची. मी ओळखीच्या दुकानात गेले. तो म्हणाला, "अम्माजी की वही वाली? दे देता हूँ, दीदी।" कात्रीने स्ट्रिप कापली आणि दहा गोळ्या दिल्या. नंतर दर दहा दिवसांनी दहा. ही गोळी औषध कायद्याच्या एच-वन परिशिष्टात आहे. ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि 1 मार्च 2014 पासून दुकानदाराला तिची वेगळी नोंदवही तीन वर्षं जपून ठेवावी लागते. हे नियम कशासाठी आहेत, ते मला आईच्या मनगटाकडे बघून कळलं.

मे उजाडला. लू सुरू झाली. बीपी आहे म्हणून आईचं मीठ आम्ही जवळजवळ तोडलं होतं, जेवण कमी झालं होतं, आणि उन्हाळा म्हणून मी तिला तांब्या-तांब्याने साधं पाणी पाजत होते. गोळी लघवीतून मीठ बाहेर टाकत होती, आत मीठ जात नव्हतं, वरून नुसतं पाणी. रक्तातलं सोडियम उतरत गेलं. सोडियम उतरलं की मेंदूला सूज येते. माणूस आधी मरगळतो, मळमळतं, तोल जातो, मग बोलण्यात गोंधळ होतो. आईने मे महिन्यात दोनदा विचारलं, होळी कधी आहे. आम्ही काय म्हटलं? साठी बुद्धी नाठी. वय झालं. मावशीलाही असंच झालं होतं.

या "वय झालं"चा मला आज सगळ्यात जास्त राग येतो. आठवड्यात बदललेल्या माणसाला आम्ही वर्षांचं कारण दिलं. विसरभोळेपणा वर्षानुवर्षं हळूहळू येतो. चार दिवसांत आलेला गोंधळ म्हातारपण नसतो. तो जंतुसंसर्ग असतो, साखर उतरलेली असते, सोडियम उतरलेलं असतं किंवा एखादी गोळी असते. त्या दिवशीच डॉक्टर गाठायचा असतो.

रात्रपाळीच्या त्या डॉक्टर मुलीने चादरीवर सगळी साखळी मला बोटाने दाखवली. या दोन गोळ्यांत तोच घटक, त्याने सूज. सुजेवर ही, तिने लघवी आणि सोडियम. लघवीने झोप गेली, म्हणून ही. हिच्या गुंगीत अंधारात उठणं, आणि पडणं. गुडघ्यांसाठी मी अधूनमधून देत होते ती दुखण्याची गोळी तिने बाजूला ठेवली आणि सांगितलं की टेल्मिसार्टनसारखी गोळी, पाणी काढणारी गोळी आणि वर हे दुखण्याचं औषध, तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडांवर घाला पडतो. आईचं क्रिएटिनिन वाढलेलं होतंच. एका औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध, त्याच्यावर तिसरं. याला वैद्यकशास्त्रात वेगळं नाव आहे आणि 1990 च्या दशकापासून त्यावर लिहिलं जातंय. घरात मात्र हे कोणी बोलत नाही.

सोडियम झटपट वर आणत नाहीत, घाईने चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून ते दिवसाला थोडं थोडं वाढवलं. मी कॉटशेजारी बसून रोजचा आकडा वहीत लिहीत होते. 116, 121, 126. पाचव्या दिवशी सकाळी आईने डोळे उघडून विचारलं, "तू शाळेत नाही गेलीस?" मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आहेत, पण तिने मला ओळखलं होतं.

म्हातारं शरीर तरुण शरीरासारखं औषध पचवत नाही. वयाबरोबर अंगातलं पाणी कमी होतं, चरबीचं प्रमाण वाढतं, मूत्रपिंडांचा वेग मंदावतो. डायझेपामसारखी चरबीत विरघळणारी औषधं अंगात मुरून राहतात आणि कालच्या गोळीवर आजची चढते. अमेरिकेत मार्क बिअर्स या डॉक्टरने 1991 मध्ये म्हाताऱ्या माणसांना देताना जपून द्यायच्या औषधांची एक यादी केली. ती आजही तिकडच्या वृद्धवैद्यक संघटनेकडून सुधारली जाते; 2023 मध्येही सुधारली. झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या त्या यादीत ठळकपणे आहेत. सर्दी-खाजेच्या गुंगी आणणाऱ्या जुन्या गोळ्याही आहेत. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांना सर्दीसाठी अशी एक साधी गोळी दिली तर लघवी तुंबू शकते, हे दुकानातून पाच रुपयांत गोळी आणणाऱ्याला कोण सांगणार?

तेव्हा ज्यांच्या घरी सत्तरीपलीकडचं माणूस आहे, त्यांनी एवढं करा. आज संध्याकाळीच डबा उपडा करा. उशाखालच्या, देवघरातल्या, पर्समधल्या गोळ्याही आणा. आयुर्वेदिक चूर्णं, गुडघ्याचं तेल, डोळ्यांचे थेंब, सगळं. कागदावर कंपनीचं नाव नको, घटकाचं नाव लिहा. ते स्ट्रिपवर छापलेलं असतं. कापलेल्या स्ट्रिपवर बहुतेक वेळा नाव अर्धं तुटतं आणि तारीख दुसऱ्याच्या घरी जाते, म्हणून आम्ही आता पूर्ण स्ट्रिप घेतो, नाहीतर नाव असलेला तुकडा मागून घेतो. घटकापुढे किती मिलिग्रॅम, कधी, कशासाठी आणि कोणी दिली, एवढं लिहा. "कशासाठी" हा रकाना रिकामा राहिला तर ती गोळी डॉक्टरला दाखवायची पहिली गोळी. एकच घटक दोनदा आला तर त्याच दिवशी फोन करा.

हा कागद प्रत्येक डॉक्टरपुढे ठेवा, डोळ्यांच्या आणि दातांच्यासुद्धा. नवी तक्रार सांगताना एक वाक्य जोडा: हे एखाद्या चालू औषधाने तर होत नाही ना? मी हे विचारायला लागल्यापासून एकाही डॉक्टरला राग आलेला नाही. एकदा तर त्यांनी पेन खाली ठेवून कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. हे वाचून उद्या कोणाच्याही गोळ्या परस्पर बंद करू नका. काही गोळ्या एकदम सोडल्या तर बीपी उसळतं, काहींनी फिट येते. अल्प्राझोलामचंही तसंच आहे. आईची ती जून ते दिवाळी, पाव पाव करत सोडवली. पहिले काही आठवडे ती रात्रभर टक्क जागी असायची आणि मी तिच्या शेजारी बसून पत्ते खेळायचे.

उपवासांचंही बघा. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन एकादशी करणाऱ्या आमच्या किती आज्या आहेत! साखर उतरली की घाम येतो, हात थरथरतात. पण म्हाताऱ्या माणसात कधीकधी नुसता गोंधळच दिसतो, आणि घरचे म्हणतात उपासाने थकली. आषाढीच्या आधी डॉक्टरला विचारून त्या दिवसाचा डोस ठरवून घ्या. उन्हाळ्याचंही तसंच. आमच्या ग्वाल्हेरला पारा 45 च्या वर जातो तेव्हा हिवाळ्यातला बीपीचा आणि पाणी काढायचा डोस जसाच्या तसा लागेल असं नाही. एप्रिलमध्ये एकदा आणि पुण्याहून परत आल्यावर एकदा, कागद घेऊन भेटायचंच, असं आम्ही ठरवलंय. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन त्याच वेळी तपासून घेतो.

औषधाने त्रास झाल्याचं वाटलं तर त्याची नोंदही करता येते. भारताच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा 1800-180-3024 हा फुकट क्रमांक आहे, रुग्णाच्या घरच्यांनाही तिथे कळवता येतं. हे मला पूर्वी ठाऊक नव्हतं.

आईच्या अकरा गोळ्यांच्या आता पाच झाल्यात. पायांची सूज जुलैतच उतरली. दोन्ही घरांत, इथे आणि पुण्यात, फ्रिजवर एकच कागद चिकटवलेला आहे, आणि एकीकडे खाडाखोड झाली की फोटो दुसरीकडे जातो.

परवा शेजारच्या काकू आईला भेटायला आल्या. येताना कापडी पिशवी घेऊन आल्या होत्या, आईनेच त्यांना सांगून ठेवलं होतं. चहा होईपर्यंत मी त्यांच्या स्ट्रिपा सतरंजीवर मांडल्या आणि घटकांची नावं लिहायला घेतली. नऊ निघाल्या. तिसऱ्या आणि सातव्या ओळीवर एकच नाव आलं.