पर्यायी इंटरनेटसाठी बिनतारी अडॉप्टरची निवड

तंजावूरचा पावसाळा महाराष्ट्रातील पावसाळ्याहून निराळा आहे. येथे मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळेही बहुधा त्याच सुमारास येतात. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी पहाटे 'गाजा' वादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा पट्टुकोट्टै आणि पेरावूरणी भागांतील नारळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब हजारोंनी कोसळले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. इंटरनेटची तार पुष्कळ ठिकाणी याच खांबांवरून घरात येते. खांब पडला की दिवा आणि तार दोन्ही एकदम जातात.

एरवीच्या दिवसांतही तार तुटतेच. अशा वेळी परीक्षेचा अर्ज भरावयाचा राहिलेला विद्यार्थी किंवा सरस्वती महालातील मोडी कागदांच्या छायाप्रती कोणा सहकाऱ्याकडे धाडू पाहणारा अभ्यासक काय करील? खिशात मोबाइल असतो, त्यावर इंटरनेटही चालू असते. परंतु काम पडलेले असते ते टेबलावरील संगणकावर, आणि पुष्कळशा डेस्कटॉप संगणकांत बिनतारी लहरी पकडण्याची सोयच नसते. ही उणीव भरून काढणारे लहानसे उपकरण म्हणजे वाय-फाय अडॉप्टर होय.

तो विकत घेण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोबाइल यूएसबी तारेने संगणकास जोडून त्यातील 'टेदरिंग' चालू केले, तर बहुतेक अँड्रॉइड फोनांच्या बाबतीत अडॉप्टरविनाच काम भागते. वर्षातून एखाद्या दिवसापुरतीच अडचण येणाऱ्याने खर्च करण्याचे कारण नाही. मात्र संगणक एका खोलीत आणि मोबाइलला संकेत मिळतो तो खिडकीपाशी, अशी स्थिती असेल तर तार पुरत नाही. तेथे अडॉप्टरच हवा.

अडॉप्टर दोन जातींचे असतात. एक संगणकाच्या पेटीत आतील खाचेत बसवावयाचा आणि दुसरा बाहेरून यूएसबीच्या तोंडात खोचावयाचा. पहिला अधिक भरवशाचा असला, तरी पर्यायी जोडणीपुरता दुसराच सोयीचा. तो काढून दुसऱ्या संगणकालाही लावता येतो. परंतु नखाएवढे अडॉप्टर शक्यतो घेऊ नयेत. त्यांची अँटेना आत दडलेली आणि तोकडी असते, आणि पेटीच्या मागच्या बाजूस लावल्यावर पोलादी पत्रा त्यांच्या व मोबाइलच्या मध्ये उभा राहतो. बाहेर अँटेना असलेला अडॉप्टर हातभर लांबीच्या यूएसबी तारेने टेबलावर आणून ठेवला, तर तोच संकेत लक्षणीय सुधारतो. पेटीतील यूएसबी ३ चे तोंड २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींत खरखर निर्माण करू शकते, हेही त्याला दूर ठेवण्याचे एक कारण आहे.

खोक्यावरील आकड्यांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ग्राहक फसतो तो येथेच. 'एसी ६००' असे लिहिलेले असते, तेव्हा ६०० हा आकडा दोन पट्ट्यांच्या कमाल वेगांची ढोबळ, वरच्या आकड्यापर्यंत नेलेली बेरीज असतो: ५ गिगाहर्ट्‌झवर ४३३ आणि २.४ गिगाहर्ट्‌झवर १५० मेगाबिट. असा अडॉप्टर एका वेळी एकाच पट्टीवर काम करतो. प्रत्यक्ष वेग त्याहूनही बराच कमी भरतो. शिवाय मोबाइलकडूनच जेवढे येते त्याहून अधिक अडॉप्टर कोठून देणार? तेव्हा मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे मोजणे व्यर्थ होय. दोन्ही पट्ट्या असणे मात्र उपयोगी आहे. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची. ती राजवाड्याच्या परिसरातील जुन्या घरांच्या चुनाविटांच्या भिंतींतून बऱ्यापैकी पार होते, पण शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी आणि मायक्रोवेव्ह भट्टीची लुडबूड तिला सोसावी लागते. (ही पट्टी भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाली.) ५ गिगाहर्ट्‌झची लहर सहा सेंटिमीटरांची, ती मोकळी आणि वेगवान, पण भिंतीशी लवकर हरते. मोबाइलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्‌झवर लावलेला असेल, तर एकपट्टी अडॉप्टरला तो दिसतच नाही आणि लोक विनाकारण अडॉप्टरला दोष देतात.

दुसरा पेच ड्रायव्हरचा. अडॉप्टर ओळखण्यासाठी संगणकास हे सॉफ्टवेअर लागते. ते अगोदरच आत नसेल तर इंटरनेटवरून आणावे लागते, आणि इंटरनेट तर बंद! म्हणून अडॉप्टर घरी आणताच, तारेची जोडणी शाबूत असताना, ड्रायव्हर बसवून घ्यावा. लिनक्स वापरणाऱ्याने तर खरेदीपूर्वीच अडॉप्टरमधील चिपचे नाव विचारावे आणि तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्ये आहे याची खात्री करून घ्यावी.

तार तुटल्यावरही राउटर चालू असेल, तर संगणक कित्येकदा त्यालाच चिकटून राहतो आणि अडॉप्टर जोडलेला असूनही पान उघडत नाही. अशा वेळी राउटरची तार संगणकातून उपसून काढावी. तसेच ही जोडणी 'मीटर्ड' म्हणून नोंदवावी. नाहीतर संगणक आपली अद्ययावतीकरणे उतरवू लागतो आणि मोबाइलचा दिवसाचा डेटा तासाभरात संपतो. घरची तार ज्या कंपनीची, त्याच कंपनीचे सिमकार्ड पर्यायी म्हणून ठेवू नये. मुख्य वाहिनी तुटली तर दोन्ही एकदमच बंद पडण्याचा संभव असतो.

विजेचा प्रश्न उरतोच. साधा यूपीएस डेस्कटॉपला बहुधा दहा-पंधरा मिनिटेच चालवतो. तेवढ्यात अर्ज पाठवून होईल, लेख लिहून होणार नाही. मनोऱ्यांवरील बॅटऱ्याही काही तासांनी उतरतात. म्हणून ऐप्पसी महिना लागण्यापूर्वी एका दुपारी राउटर मुद्दाम बंद करून, मोबाइल घराच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत ठेवून पाहावा, आणि जेथे संकेत सर्वांत चांगला मिळेल तेथेच त्याच्या चार्जरची सोय करून ठेवावी.