बटू दीर्घिका : जन्माने की परिस्थितीने?

आपल्या आकाशगंगेत दहा हजार कोटींहून अधिक तारे आहेत. बटू दीर्घिकेत ते फार तर काहीशे कोटी, कधी काही लाखच असतात. संख्येने मात्र याच दीर्घिका अधिक. कन्या राशीच्या दिशेने सुमारे ५.४ कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा एक मोठा गुच्छ आहे. बिंगेली, सँडेज व टामन यांनी १९८५ साली त्या भागातील २,०९६ दीर्घिकांची सूची प्रसिद्ध केली. गुच्छाच्या सभासदांत बहुसंख्य बटूच निघाल्या.

यांचे मुख्य प्रकार दोन. अनियमित बटूंत वायू भरपूर असतो व नवे निळे तारे जन्मतात. लंबवर्तुळाकार बटूंत वायू जवळजवळ नसतो. तारे जुने असतात. गुच्छाच्या गाभ्यात दुसऱ्या प्रकारची दाटी, तर पहिला प्रकार बाहेर आढळतो. असे का व्हावे?

प्रथम जन्म पाहू. आरंभीच्या विश्वात अदृश्य द्रव्याच्या लहान गाठींत वायू साचला व तारे निर्माण झाले. गाठ लहान, म्हणून गुरुत्वाकर्षण दुबळे. अतिनवताऱ्यांच्या स्फोटांनी तापलेला वायू तिला धरून ठेवता येत नाही. खुजेपणा येतो तो असा.

आता परिस्थिती. गुच्छातील दीर्घिकांमधली जागा कोट्यवधी अंश तापलेल्या विरळ वायूने भरलेली असते. वारा पडलेला असतानाही सायकल जोरात हाणली की अंगाला वारा झोंबतो. गुच्छात सेकंदाला हजारएक किलोमीटर वेगाने शिरणाऱ्या दीर्घिकेचे तसेच होते. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे गन व गॉट यांनी १९७२ साली मांडले. तारे जागीच राहतात, वायू उडून जातो. मग नवे तारे जन्मत नाहीत. शिवाय मोठ्या दीर्घिकांजवळून वारंवार जाताना बसणारे हिसके चकतीचा आकारच मोडतात, असे मूर व सहकाऱ्यांनी १९९६ साली संगणकावर दाखविले.

याला पुरावाही आहे. याच गुच्छातील आय. सी. ३३२८ या लंबवर्तुळाकार समजल्या गेलेल्या बटू दीर्घिकेत २००० साली पुसट सर्पिल भुजा आढळल्या. पूर्वीच्या चकतीची ही खूण असावी. पुढे २००७ साली लिस्कर व सहकाऱ्यांना दिसले, की चकतीची खूण असलेल्या बटू गाभ्याबाहेर विखुरलेल्या आहेत, तर खूण नसलेल्या गाभ्याशी दाटल्या आहेत. म्हणजे काही फार पूर्वीपासून तेथल्या, काही मागाहून आलेल्या.

तेव्हा सर्व बटूंचे कूळ एक नाही. लहानपण जन्माने आले. पण आजचे रूप पुष्कळ अंशी परिस्थितीने घडविले, असे म्हणावे लागते.